नकोशी

महाराष्ट्रात, विशेषतः पश्चिम महाराष्ट्राच्या ग्रामीण भागात, मुलाची अपेक्षा असताना लागोपाठ मुलीच जन्मास आल्यास त्यांपैकी धाकट्या मुलीला ठेवण्यात येणारे एक व्यक्तिनाम. नकुशी, नकुशा, नकुसा ही त्याची बोलीभाषेतील रूपे असून प्रौढ स्त्रीच्या बाबतीत त्यास ‘बाई’ हा आदरार्थी शब्द जोडून ‘नकुसाबाई’ असे रूप होते. मराठी स्त्रीनामांत हे नाव संख्येने विरळ आहे. तथापि नावाच्या अर्थाने एखाद्या व्यक्तीच्या जन्मासंबंधीचा कुटुंबाचा अभिप्राय आयुष्यभर उघडपणे वाहून नेल्याचे ह्याइतके स्पष्ट उदाहरण मराठीत दुसरे नाही. नामकरणाचा इतिहास, लोकसमजुती व स्त्रियांचे कौटुंबिक स्थान ह्या तिन्ही दृष्टींनी ते अभ्यसनीय आहे.

‘नको’ हे मराठीतील निषेधवाचक रूप. दख्खनी उर्दूत रूढ असलेले ‘नक्को’ हे मराठीतूनच तेथे गेले, असे सामान्यतः मानले जाते. ‘नको’ ह्या रूपास ‘सा-शी-से’ हा सादृश्यदर्शक प्रत्यय लागून ‘नकोसा, नकोशी, नकोसे’ ही विशेषणे बनतात. दुखणे नकोसे होते, उन्हाळा नकोसा वाटतो, पाहुणा नकोसा झाला, अशा प्रयोगांत ज्याचा कंटाळा आला आहे किंवा जे टळले तर बरे असे वाटते, त्यासंबंधी हे विशेषण योजतात. ‘हवाहवासा’ हा त्याचा विरुद्धार्थी शब्द. बोलीत मधल्या ओकाराचा उकार होऊन ‘नकुशी’, आणि चंपा, शेवंता यांसारख्या आकारान्त स्त्रीनामांच्या धर्तीवर ‘नकुशा’, ‘नकुसा’ ही रूपे तयार झाली. ह्या आकारान्त रूपांमुळे शब्दाचे विशेषणपण काहीसे झाकले जाते व तो नावासारखा भासू लागतो. परंतु हे झाकणे वरवरचे होय. मराठी जाणणाऱ्या कोणासही त्याचा अर्थ विचारावा लागत नाही.

अशुभ किंवा हीनत्वदर्शक नावे ठेवण्याची चाल भारतात फार जुनी आहे. ऐतरेय ब्राह्मणातील प्रसिद्ध आख्यानात अजीगर्ताच्या तिघा पुत्रांची शुनःपुच्छ, शुनःशेप व शुनोलांगूल ही नावे आलेली आहेत. तिन्ही नावे कुत्र्याच्या अवयवांवरून पडलेली आहेत. त्याच आख्यानात पुत्र हा श्रेष्ठ लोकातील प्रकाश, तर कन्या हे दुःखाचे कारण, अशा आशयाचे वचनही आढळते. ‘नकोशी’ ह्या नावामागील दोन्ही प्रवृत्ती, म्हणजे अमंगल नाव ठेवण्याची चाल आणि कन्याजन्माविषयीची नाराजी, अशा प्रकारे एकाच प्राचीन कथेत शेजारी शेजारी आलेल्या दिसतात. त्या कथेत मात्र त्यांचा परस्परांशी संबंध नाही.

धर्मशास्त्रकारांनी नामकरणासंबंधी बारकाईने नियम सांगितले आहेत. आश्वलायन गृह्यसूत्राप्रमाणे मुलाच्या नावातील अक्षरे सम आणि मुलीच्या नावातील विषम असावीत. मुलासाठी आणखी एक नाव ठेवावे व ते उपनयनापर्यंत केवळ आईबापांस ठाऊक असावे, असेही तेथे म्हटले आहे. मनुस्मृतीनुसार (२·३३) स्त्रीचे नाव उच्चारावयास सोपे, कठोर नसलेले, स्पष्ट अर्थाचे, मनोहर, मंगलसूचक, शेवटी दीर्घ स्वर असलेले व आशीर्वादाचा अर्थ असलेले असावे. ‘नकोशी’ हे नाव ह्या कसोट्यांना लावून पाहिले तर ते तीन अक्षरी म्हणजे विषमाक्षरी आहे, दीर्घस्वरान्त आहे, उच्चारास सुलभ आहे आणि त्याचा अर्थही अतिशय स्पष्ट आहे. फक्त मनोहर, मंगल व आशीर्वादयुक्त ह्या अटी त्यात पाळल्या गेलेल्या नाहीत. अर्थात ग्रामीण समाजातील नामकरण कधीच सूत्रग्रंथ पाहून होत नव्हते. नदी, नक्षत्र वा वृक्ष यांचे नाव असलेल्या कन्येशी विवाह करू नये असे मनुस्मृतीतच (३·९) सांगितले असूनही गंगा, यमुना, रोहिणी, तुळसा ही नावे महाराष्ट्रात घरोघर चालत आली.

महाराष्ट्रातील लोकव्यवहारात हीनत्वदर्शक नावांचा मोठा वर्ग आहे. धोंडू, दगडू, केरू, कचरू, भिकू, विदर्भातील उकंडा ही त्यांची सर्वपरिचित उदाहरणे. मुले जगत नसत अशा घरी नव्या मुलाला असे नाव ठेवीत. दगडाकडे, केराकडे किंवा उकिरड्याकडे कोणी असूयेने पाहत नाही, त्यामुळे त्या नावाच्या मुलास दृष्ट लागणार नाही आणि सटवाई वा मृत्यू त्याच्याकडे फिरकणार नाही, ही त्यामागील समजूत. कधी मुलाचे नाक टोचून त्यास मुलीप्रमाणे वाढवीत व त्यावरून ‘नथू’ असे नाव पडे. कधी मूल दुसऱ्याच्या ओटीत घालून नाममात्र भीक घेऊन परत आणीत, आणि त्यास ‘भिकू’ वा ‘भिकाजी’ म्हणत. बालमृत्यूचे प्रमाण प्रचंड असलेल्या काळात आईबापांनी मृत्यूला फसविण्यासाठी योजलेली ही युक्ती होती. नाव जितके टाकाऊ, तितके मूल मोलाचे. ह्या नावांपैकी काहींना वेगळी व्युत्पत्तीही असू शकते. उदा., ‘धोंडो’ ह्या नावाचा संबंध अधिक मासाशी, म्हणजे धोंड्याच्या महिन्याशी जोडला जातो, तर ‘धुंडिराज’ हे काशीच्या गणपतीचे नाव असून त्याचा दगडाशी संबंध नाही. भारतातील पहिले महिला विद्यापीठ १९१६ मध्ये स्थापन करणारे धोंडो केशव कर्वे (१८५८–१९६२) ह्यांच्या नावाकडे कोणी धोंडा म्हणून पाहिले नाही, ह्यावरून अशा नावांचा मूळ अर्थ व्यवहारात किती झिजून जातो, हे लक्षात येते.

‘नकोशी’ हे नाव वरवर पाहता ह्याच वर्गात मोडते व अनेकदा त्याची गणनाही तेथेच केली जाते. पण ह्या दोहोंत मूलभूत भेद आहे. धोंडू हे नाव ज्याला ते दिले त्याच्या रक्षणासाठी असते. नकोशी हे नाव जी आली तिच्यासाठी नसून, जो अद्याप आलेला नाही त्याच्यासाठी असते. मुलीला नकोशी म्हटले असता दैवास आपली इच्छा कळते व पुढील अपत्य मुलगा होतो, अशी समजूत त्यामागे आहे. एकात नावाने मृत्यूशी खोटे बोलावयाचे असते, दुसऱ्यात नावाने दैवाला खरे सांगावयाचे असते. म्हणूनच पहिल्या प्रकारच्या नावाचा अर्थ झिजतो आणि दुसऱ्याचा झिजत नाही. मुलींनाही रक्षणार्थ नावे ठेवण्यात येत, हे येथे ध्यानात ठेवावयास हवे. हैदराबाद मुक्तिसंग्रामातील दगडाबाई शेळके ह्यांच्यासारख्या स्त्रियांचे नाव ‘दगडू’ ह्या नावाचे स्त्रीरूप आहे. ते ‘नकोशी’ ह्या वर्गातील नव्हे. तेव्हा मुलीचे नाव ओबडधोबड दिसले म्हणजे ती नकोशी होती, असा सरसकट निष्कर्ष काढणे चुकीचे ठरेल.

ही प्रथा महाराष्ट्रापुरती मर्यादित नाही. तमिळनाडूत ‘वेंडाम’ (नको) हे नाव जवळजवळ शब्दशः ‘नकोशी’ ह्या अर्थाचे असून ‘पोदुम्पोण्णु’ म्हणजे मुलगी पुरे. बंगालमध्ये ‘आन्नाकाली’ हे नाव ‘आर ना, काली’ म्हणजे ‘हे काली, आता आणखी नको’ ह्या विनवणीचे आकुंचित रूप होय. ‘चायना’ म्हणजे नको आणि ‘क्षान्तमणी’ ह्या नावात थांबण्याचा अर्थ आहे. हरयाणा व राजस्थानात ‘भतेरी’ (पुष्कळ झाल्या) व ‘धापू’ (तृप्त झालो) ही नावे आढळतात. भारताबाहेर तुर्कस्तानात ‘येतेर’ (पुरे) व ‘सोंगुल’ (शेवटचा गुलाब), कझाकांमध्ये ‘उलबोलसिन’ (मुलगा होवो), चीनमध्ये ‘चाओदी’ (धाकट्या भावाला बोलावणारी) व ‘लायदी’ (भाऊ येवो), कोरियात ‘मालजा’ (शेवटची), तर जपानात जुन्या पिढीतील ‘तोमे’ (थांबव) व ‘सुए’ (शेवट) ही नावे ह्याच कुळातील आहेत. ह्यांपैकी ‘तोमे’ व ‘सुए’ यांसारखी नावे पुष्कळदा केवळ अधिक अपत्य नको म्हणूनही ठेवली जात. ह्या समाजांचे धर्म, भाषा व वंश परस्परांहून भिन्न आहेत. वंश पुरुषाकडून चालतो आणि मुलगी विवाहानंतर दुसऱ्या घरची होते, ही समजूत मात्र त्यांत बव्हंशी समान आहे. नावांत एक सूक्ष्म फरकही दिसतो. काही नावे भावाला बोलावतात, काही मुलींना थांबवतात. मराठी नाव ह्या दोहोंपैकी काहीच करीत नाही. ते समोरच्या मुलीविषयीच बोलते आणि त्यामुळे ते अधिक बोचणारे ठरते.

महाराष्ट्रात बारशाच्या दिवशी, सामान्यतः बाराव्या दिवशी, मूल पाळण्यात घालून आत्या त्याच्या कानात नाव सांगते. पूर्वी मुलाला आजोबांचे वा कुलदैवताचे नाव ठेवण्याकडे कल असे. मुलीच्या नावाबाबत तितका आग्रह नसे व पाळण्यातील नाव एक, हाक मारण्याचे दुसरे, असेही पुष्कळदा घडे. शिवाय अनेक समाजांत विवाहप्रसंगी वराने ताटातील तांदळांवर वधूचे नवे नाव लिहिण्याची चाल होती. त्यामुळे माहेरी नकोशी असलेली मुलगी सासरी लक्ष्मी किंवा सरस्वती होऊन जाई, आणि जुने नाव माहेरच्या वडीलधाऱ्यांच्या तोंडीच उरे. ह्या नावाचा आढळ जुन्या कागदपत्रांत कमी असण्याचे हे एक कारण होय. जन्म-मृत्यू नोंदणी अधिनियम (१९६९), शाळेतील हजेरीपट, शाळा सोडल्याचा दाखला, शिधापत्रिका, निवडणूक ओळखपत्र व आधारपत्र यांमुळे नाव कायमचे झाले. पूर्वी घरापुरते असलेले व काळाच्या ओघात सुटून जाणारे नाव शासकीय नोंदींनी पक्के केले, असे म्हणावयास हरकत नाही. ते रोज वर्गात मोठ्याने पुकारले जाऊ लागले, तेव्हा त्याचा अर्थ त्या मुलीस व तिच्या सोबतिणींस दररोज ऐकू येऊ लागला.

मात्र हे नाव ठेवणारे सर्वच आईबाप मुलीचा द्वेष करीत, असे समजणे यथार्थ होणार नाही. पुष्कळ घरी नाव आजीने वा शेजारणीने सुचविलेले असे. नकोशी म्हणून जिला हाक मारावयाची तिलाच मांडीवर घेऊन भरवावयाचे, ह्यात विसंगती आहे असे कोणास वाटत नसे. तिसऱ्या-चौथ्या मुलीनंतर मुलगा झाला म्हणजे ‘नकुसाच्या पाठीवर झाला’ म्हणून तिचे कौतुकही होई. तथापि हे कौतुक तिचे स्वतःचे नसून भावाच्या आगमनाचे असे. भाऊ न आल्यास तेवढेही तिच्या वाट्यास येत नसे.

सातारा जिल्ह्यात ह्या नावाच्या मुलींचा शोध घेण्याचे काम आरोग्य यंत्रणेने हाती घेतले आणि २२ ऑक्टोबर २०११ रोजी झालेल्या समारंभात २८५ मुलींना नवी नावे व त्यांची प्रमाणपत्रे देण्यात आली. मुलींनी आपली नावे स्वतः निवडावीत, अशी मुभा होती. काहींनी चित्रपट अभिनेत्रीवरून ‘ऐश्वर्या’ हे नाव घेतले, काहींनी ‘सावित्री’, ‘वैशाली’ अशी जुनी नावे पसंत केली. सावित्रीबाई फुले ह्यांचे जन्मग्राम नायगाव हे सातारा जिल्ह्यातच असल्याने ह्यांपैकी एका नावाचे औचित्य सहज लक्षात येते. ह्या घटनेची वार्ता देशाबाहेरील वृत्तपत्रांतही आली. त्यापूर्वीच ‘लागी तुझसे लगन’ (२००९) ह्या हिंदी दूरचित्रवाणी मालिकेच्या नायिकेमुळे ‘नकुशा’ हे नाव मराठी न जाणणाऱ्या प्रेक्षकांस परिचित झाले होते. पुढे २०१६ मध्ये ‘नकुशी’ हा शब्द शीर्षकात असलेली मराठी मालिकाही प्रसारित झाली.

नाव बदलल्याने काय साधते, हा प्रश्न ह्या प्रसंगाने उपस्थित झाला. तो नवा नाही. पाली जातककथांतील नामसिद्धी जातकात (क्र. ९७) ‘पापक’ नावाचा तक्षशिलेतील एक विद्यार्थी आपल्या अशुभ नावाला कंटाळून चांगल्या नावाच्या शोधात बाहेर पडतो. वाटेत त्याला ‘जीवक’ नावाच्या माणसाचे प्रेत नेताना दिसते, ‘धनपाली’ नावाची दासी मजुरीचे पैसे न आणल्याबद्दल मार खाताना आढळते आणि ‘पंथक’ नावाचा मनुष्य वाट चुकलेला भेटतो. नाव ही केवळ ओळखीची खूण आहे, असे उमजून तो परत येतो व आपलेच नाव पतकरतो. हा बोध विद्वानास शोभणारा असला, तरी तो येथे लागू पडत नाही. पापकाच्या नावाचा त्याच्या जन्माविषयीच्या कोणाच्या मताशी संबंध नव्हता. नकोशीचे नाव मात्र तिच्याविषयी घेतलेल्या निर्णयाची नोंद आहे. नोंद खोडणे म्हणजे निर्णय बदलणे नव्हे, हे खरे. पण ती नोंद रोज ऐकावी लागू नये, ह्यालाही अर्थ आहे.

नव्या पिढीत हे नाव क्वचितच ठेवले जाते. ह्याचे श्रेय शिक्षणाला व लोकमताला द्यावे लागेल. परंतु नावाची पीछेहाट ही प्रवृत्तीची पीछेहाट होय, असे मानता येत नाही. ‘नकोशी’ हे नाव ज्या काळात रूढ होते त्या काळात मुलगी जन्माला येत असे, तिला नाव ठेवले जाई आणि मुलगा होईपर्यंत कुटुंब वाढत राही. विसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकांत कुटुंबे लहान झाली आणि गर्भलिंगनिदानाची साधने तालुक्याच्या गावापर्यंत पोहोचली. महाराष्ट्रात शून्य ते सहा वर्षे वयोगटातील दर हजार मुलांमागे मुलींची संख्या १९९१ मध्ये ९४६, २००१ मध्ये ९१३ व २०११ मध्ये ८९४ अशी घटत गेली. ही घट केवळ दुर्गम व दरिद्री भागांत झाली असे नाही. ऊस, सहकारी कारखाने व शिक्षणसंस्था यांनी संपन्न झालेल्या पश्चिम महाराष्ट्रातील जिल्हे त्यात ठळकपणे दिसतात. पूर्वी जिला नकोशी म्हटले असते, ती ह्या काळात पुष्कळदा जन्मासच आली नाही. ज्या मुलीला नाव मिळाले, ती निदान जगली, ही ह्या नावाच्या इतिहासातील सर्वांत कटू बाब होय.

महाराष्ट्राने गर्भलिंगनिदानास आळा घालणारा कायदा देशात प्रथम, १९८८ मध्ये, केला. केंद्राचा कायदा १९९४ मध्ये संमत होऊन १ जानेवारी १९९६ पासून अंमलात आला व २००३ मध्ये गर्भधारणेपूर्वीच्या लिंगनिवडीसही तो लागू करण्यात आला. दुसऱ्या बाजूस, मुलगा होईपर्यंत अपत्ये होऊ देण्याची जुनी रीतही टिकून राहिली. केंद्र शासनाच्या २०१७-१८ च्या आर्थिक पाहणीत शेवटच्या अपत्यांतील मुलामुलींच्या प्रमाणावरून, पंचवीस वर्षांपर्यंतच्या वयातील सु. २·१ कोटी मुली ह्या आईबापांना मुलगा हवा असताना जन्मलेल्या, म्हणजे शब्दशः ‘नकोशा’ असाव्यात, असा अंदाज वर्तविण्यात आला. ह्यांपैकी बहुतेकींची नावे अर्थातच गोड व मंगलसूचक आहेत.

नाव बदलण्याची रीत वयोमानाप्रमाणे वेगवेगळी आहे. १९६९ च्या अधिनियमानुसार जन्माची नोंद नावाशिवायही करता येते व नाव नंतर कळविता येते. शाळेत शिकत असलेल्या मुलीचे नाव शाळेच्या नोंदवहीत रीतसर मंजुरीने बदलता येते. शाळा सोडलेल्या स्त्रीस मात्र प्रतिज्ञापत्र करून महाराष्ट्र शासन राजपत्रात नावबदलाची जाहिरात द्यावी लागते आणि मग सातबारा, शिधापत्रिका, बँकेचे खाते, मुलांचे दाखले यांत एकेक करून दुरुस्ती करून घ्यावी लागते. ह्या खटाटोपामुळे सातारा जिल्ह्यातील उपक्रमाचा लाभ मुख्यतः शाळकरी मुलींना झाला. त्यांच्या आई, मावश्या वा आज्या असलेल्या नकुसाबाई आपल्या जुन्याच नावाने सही करीत राहिल्या.